पाय लांबवणारे बूट

रविवारी सकाळी लाकडाच्या वखारीमागच्या दालनात मुंगीला शिरायला जागा नसे. पुढच्या बाकांवर कुबड्या, मधल्या बाकांवर कंबरा, मागच्या बाकांवर गुडघे. भिंतीला पाठ लावून उभे असत ते ज्यांना काहीही झालेलं नाही, पण दुसऱ्याचं काय होतंय ते बघायचं आहे असे लोक. या शेवटच्यांचीच गर्दी सगळ्यांत जास्त. वखारीतला भुसा दारातून आत उडत येई, लोक शिंकत, आणि व्यासपीठावरून सरळबाबा हात उंचावून म्हणत, "शिंका, लेकरांनो, शिंका! आतला वाकडेपणा नाकावाटे बाहेर पडतोय!"

सरळबाबा हे नाव आपल्याला लोकांनी दिलं, असं बाबा सांगत. हे नाव आम्हाला बाबांनीच सांगितलं, असं लोक सांगत.

बाबांचं शास्त्र एका दमात संपण्यासारखं होतं. "पृथ्वी गोल, रस्ता सरळ आणि माणूस तिरका! का तिरका? एक पाय लांब, एक पाय आखूड! पाय आखूड म्हणून कंबर वाकडी, कंबर वाकडी म्हणून मान वाकडी, मान वाकडी म्हणून नजर वाकडी, आणि नजर वाकडी म्हणून शेजाऱ्याशी भांडण! पाय सरळ करा, शेजारी आपोआप सरळ होतो!" लोक माना डोलवत. त्यांतले निम्मे एकमेकांचे शेजारी होते आणि बाकावरच्या जागेवरून भांडूनच बसले होते.

मग चमत्कार. त्या रविवारी कंबर धरून आलेल्या एका हमालाला खुर्चीत बसवलं. त्याच्या वहाणा दाराबाहेर ठेवायला लावल्या आणि पायांत भक्तीचे बूट चढवले. बाहेरची धूळ नि बाहेरचा वाकडेपणा आत येऊ नये म्हणून बाबांचा तसा नियमच होता. बाबा समोर उकिडवे बसले, दोन्ही टाचा हातांवर घेतल्या आणि पाय सरळ उचलले. दोन्ही तळांत चांगलं दोन बोटांचं अंतर! "बघा, डावा आखूड! नजर डाव्यावर ठेवा! या कुणीतरी, बोटं घालून बघा, शंका ठेवू नका!" वखारीच्या वजनकाट्यावरचा कारकून लगबगीनं पुढे झाला, त्यानं बोटं घालून पाहिली आणि साक्षीदाराच्या आवाजात ओरडला, "दोन बोटं, पक्की!" बाबांनी डोळे मिटले, गाल फुगवले, "वाढ... वाढ... वाढ..." असं पुटपुटले, आणि दोनशे माणसांच्या डोळ्यांदेखत डावा पाय उजव्याच्या बरोबरीला आला.

हमाल उठला, वाकला आणि म्हणाला, "हलकं वाटतंय." दोनशे माणसं आपल्याकडे बघून टाळ्या वाजवत असली की कुणालाही हलकंच वाटतं.

डोळ्यांदेखत हा शब्द मोठा भरवशाचा वाटतो खरा. पण डोळ्यांनी कुठे बघायचं, हे त्या दालनात बाबा ठरवत.

तिसऱ्या बाकावर एक माणूस छाती फुगवून बसला होता. बाकी सगळे पायाकडे बघत, हा बुटाकडे बघे, कारण ते बूट त्याच्या हातचे होते. बुटाकडेच बघत असूनही त्याला काही दिसलं नाही. तो शिलाई बघत होता.

हा बुटांचा कारागीर. दोन पायऱ्या चढून दुकान, दुकानामागे घर. आठ महिन्यांपूर्वी सरळबाबा स्वतः त्या दोन पायऱ्या चढून आले होते. लहान मुलापासून थोराड माणसापर्यंत, आठ जोड हवे होते. "प्रत्येक जोड मापापेक्षा मोठा ठेव," बाबा म्हणाले. "मागची बाजू लाकडासारखी कडक. आतलं अस्तर गुळगुळीत. आणि घोट्याशी सैल सोड रे. भक्तांचे पाय सुजलेले असतात, लेकरांना टोचायला नको." कारागीर जरा घुटमळला. टाच सैल सुटली तर तो बूट नव्हे, खोका, असं त्याच्या उस्तादानं त्याला कान पिळून शिकवलं होतं. पण बाबा दारात आले होते. सगळी गल्ली बघत होती. त्यानं आधी नमुन्याचा एक जोड शिवला, बाबांनी तो हातात घेऊन टाचेशी अंगठा घातला, मागेपुढे केला आणि म्हणाले, "वा! तुझ्या हातात विद्या आहे." असली शाबासकी त्याला आजवर कुणी दिली नव्हती. नमुना दुकानातच राहिला, आठ जोड दालनात गेले, आणि कारागिराला दर रविवारी तिसऱ्या बाकावर जागा मिळू लागली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्याच्या लेकीचा गुडघा दुखायला लागला. लेक बारा वर्षांची. अंगानं चांगली गुटगुटीत, म्हणून शाळेतली पोरं तिला नाही नाही ते म्हणत. घरात मात्र तिचं नाव चिमणी. "आप्पा, डावा गुडघा ठणकतो," ती म्हणे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, गुडघ्याचा एक्स-रे काढला. गुडघा ठणठणीत. "वाढत्या वयाचं दुखणं आहे, वजन कमी करा. पण दोन आठवड्यांत थांबलं नाही तर मोठ्या इस्पितळात दाखवा," ते म्हणाले. यातलं पहिलं वाक्य कारागिराच्या लक्षात राहिलं.

तरी एक गोष्ट त्याच्या हातात रोज येत होती. चिमणीचे शाळेचे बूट. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेनं पार झिजली होती, उजवी जवळजवळ कोरी. परक्या गिऱ्हाइकाची चप्पल उलटी करून हा माणूस विचारायचा, "तुमची कंबर दुखते का हो?" आणि गिऱ्हाईक चाट पडायचं. घरच्या बुटाला त्यानं काय केलं? रापीनं चामड्याचा तुकडा कापला आणि डाव्या टाचेखाली ठोकला. महिन्यानं दुसरा ठोकला. चिमणीचं लंगडणं कमी दिसायला लागलं. तो स्वतःवर खूश झाला.

सहा महिने असे गेले. शेवटी चिमणीच्या आईनं मोठ्या इस्पितळात जाऊन सोमवारचा नंबर लावून आणला. "सोमवारी तुम्ही दुकान बंद ठेवा," तिनं बजावलं. "पोरीचं पाऊल बाहेर वळायला लागलंय. मला हे बरं दिसत नाही."

"सोमवारच्या आधी रविवार येतो," कारागीर म्हणाला. "आपल्याच बाबांना एकदा दाखवू. घरचं देऊळ सोडून गावभर कशाला फिरायचं?"

असा तो रविवार. हमालानंतर चिमणी खुर्चीत बसली. तिच्या बापानं स्वतःच्या हातांनी तिला भक्तीचे बूट चढवले. बाबांनी पाय उचलले. "हरे हरे! ही तर जन्माची आखूड! डाव्यावर नजर ठेवा!" कारकुनानं बोटं घातली. बाबांनी गाल फुगवले, दोन्ही पाय अलगद इकडून तिकडे झुलवले, "वाढ... वाढ..." आणि तळाला तळ भिडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या कडकडाटात चिमणीनं बापाची बाही ओढली. "आप्पा, माझा पाय नाही हलला. उजवा बूट हलला. आधी सैल होता, मग आत गेला."

"गप्प बस," कारागीर पुटपुटला. दोनशे माणसं बघत होती, बाबा दोन हातांवर होते, आणि त्याचे कान लाल झाले होते. "मोठ्यांच्या समोर काहीही बोलायचं नसतं."

ती गप्प बसली.

"आता धाव!" बाबा गरजले. "श्रद्धा असेल तर तीन फेऱ्या! वेदना हा मनाचा लंगडेपणा आहे!" चिमणीनं बापाकडे पाहिलं. बापानं मान हलवली. ती धावली. दालनाच्या भिंतीच्या कडेनं तीन फेऱ्या, ओठ घट्ट मिटून, डावं पाऊल बाहेर टाकत. तिसऱ्या फेरीला तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो आनंदानं उजळला आहे, असं कारकुनानं जाहीर केलं.

सोमवारी चिमणीच्या आईनं इस्पितळाची चिठ्ठी पुढे केली, तेव्हा कारागीर म्हणाला, "आता कशाला?" तिनं वाद घातला, पण त्यानं ऐकलं नाही. नंबर वाया गेला. गुरुवारी दुपारी चिमणी शाळेतून आली, दुकानाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खाली कोसळली. पडणं म्हणावं असंही काही नव्हतं. पण तिला उभं राहता येईना. डावा पाय काठीसारखा बाहेर वळून पडला होता, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कारागिरानं आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. सरळ खुब्याचा एक्स-रे काढला, उजेडाच्या काचेवर लावला आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"आजच," कारागीर म्हणाला. "पायरीवरून पडली."

का बोलला असं? शरमेनं. माणूस चोरी लपवताना जेवढं खोटं बोलतो, त्याहून जास्त मूर्खपणा लपवताना बोलतो.

"हे आजचं नाही," बाई म्हणाल्या. "हाडाची कड बघा, महिन्यांचं काम आहे हे. आधी लंगडत होती? आपल्या पायांनी चालत होती? खरं सांगा. ऑपरेशन कसं करायचं ते मला यावरून ठरवायचंय."

कारागिरानं चाकाच्या खाटेवर पडलेल्या चिमणीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं आणि ती एक शब्द बोलत नव्हती. तिला गप्प बस म्हटलं होतं ना! मग त्यानं सगळं सांगितलं: सहा महिने, चामड्याचे तुकडे, बाबा, तीन फेऱ्या, वाया घालवलेला सोमवार.

बाईंनी काचेवर बोट ठेवलं. "मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला हा गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत बसतो. वाढत्या वयात गोळा आणि हाड यांच्यामध्ये वाढीची एक चकती असते. काही मुलांची ती चकती कमजोर पडते, आणि गोळा हाडावरून घसरायला लागतो."

"सोलावरून टाच सरकावी तसा?" कारागिरानं विचारलं.

"तसाच. आणि दुखतं गुडघ्यात, कारण खुब्याची आणि गुडघ्याची तक्रार मेंदूकडे एकाच वाटेनं जाते. म्हणून गुडघ्याचे एक्स-रे निघतात आणि खुबा राहून जातो. पाऊल बाहेर वळणं, लंगडणं, पाय थोडा आखूड दिसणं, सगळ्या खुणा होत्या. त्या सोमवारी आली असती तर लहानशी चीर, एक स्क्रू, दोन-तीन दिवसांत घरी."

"आणि आता?"

"आता गोळा एकदम निसटलाय. त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या ताणल्या गेल्यात. रक्त पोचायचं थांबलं तर गोळा मरतो, आणि मग या वयात खुबा म्हाताऱ्या माणसासारखा होतो. आज संध्याकाळीच ऑपरेशन करू."

"ओढून जागेवर आणाल?"

"ओढणार तर मुळीच नाही," बाई ठासून म्हणाल्या. "जोर लावला तर उरलेल्या नळ्याही जातील. टेबलावर पाय अलगद ठेवताना आपोआप जेवढा जागेवर येईल तेवढा. तिथेच स्क्रू घालून धरून ठेवायचा, सांध्यात साठलेलं रक्त काढून टाकायचं. एवढंच माझ्या हातात आहे. बाकी वाट बघायची."

ऑपरेशनच्या दाराबाहेर एक लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला चिमणीची आई बसली, दुसऱ्या टोकाला कारागीर. तास उलटून गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, पोरगी तुम्हाला काय सांगत होती त्या दिवशी? खुर्चीवरून?" त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यांना चामड्याचा रंग, बोटांना चामडं टोचायच्या आरीचे वण. या हातांत विद्या आहे असं बाबा म्हणाले होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्यानं शंभरदा वापरली होती, नेहमी दुसऱ्यावर.

स्क्रू नीट बसला. "गोळा जगतो की नाही ते कळायला वर्ष जाईल," डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. "काही आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही, कुबड्या घ्यायच्या. दुसरा खुबाही घसरू शकतो, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. रक्ताच्या काही तपासण्याही करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी उशीला टेकून बसली होती. कारागीर खाटेशी उभा राहिला. तीच आधी बोलली.

"आप्पा, मी धावले म्हणून झालं ना?"

त्याला वाटलं, कुणीतरी आपल्या छातीत आरी घातली. "तू नाही धावलीस, बाळा. मी तुला धावायला लावलं."

"मी मोठ्यानं सांगायला हवं होतं का? तुम्हाला ऐकू नव्हतं आलं?"

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला. हे वाक्य त्याला आयुष्यात सगळ्यांत जड गेलं. "ऐकू आलं होतं, म्हणून तर गप्प केलं. चुकलं माझं. आता सांग. सगळं पहिल्यापासून सांग, मी मधे बोलणार नाही."

चिमणीनं त्याच्याकडे जरा संशयानंच पाहिलं. मग सांगितलं. बाबांनी माझी टाच धरलीच नव्हती, बूट धरला होता. पाय उचलताना त्यांनी अंगठ्यानं उजवा बूट टाचेपासून पुढे ओढला, माझी टाच आत मोकळी झाली. सगळे डाव्याकडे बघत होते. मग पाय झुलवताना त्यांनी तळहातानं उजवा बूट हळूच मागे दाबला. अस्तर गुळगुळीत होतं, म्हणून आवाज आला नाही. "डावा होता तिथेच होता," ती म्हणाली. "उजवा आधी खोटा लांब केला आणि मग खरा केला. आणि माझा डावा खरंच थोडा आखूड होता ना, तर उरलेलं अंतर पाय तिरके धरून झाकलं."

दुपारी चिमणी झोपल्यावर दुकानात येऊन कारागिरानं बायकोला खुर्चीत बसवलं, नमुन्याचा जोड तिच्या पायांत घातला आणि लेकीनं सांगितलं तसं केलं. पहिल्याच खेपेला जमलं. बायकोचा पाय दोन बोटं आखूड झाला, आणि फुंकर मारायच्या आतच वाढला. गुळगुळीत अस्तर, कडक पाठ, सैल घोटा: एकेक गोष्ट या कामासाठीच होती आणि एकेक त्याच्याच हातानं शिवलेली. त्यानं कपाळाला हात लावला.

"आता कपाळ बडवून काय उपयोग?" बायको बूट काढत म्हणाली. "परवा रविवार आहे. अजून कुणाची तरी लेक तिथे बसणार आहे."

रविवारी बाबांचं "पृथ्वी गोल, रस्ता सरळ" चालू असतानाच कारागीर उठून पुढे गेला. काखेत नमुन्याचा जोड होता. "बाबा, मलाही विद्या आली," तो मोठ्यानं म्हणाला. "परवानगी असेल तर सेवा करतो." बाबांना नाही म्हणता येईना, आपल्याच प्रवचनात त्यांनी चारदा सांगितलं होतं की खरा गुरू शिष्यातून प्रकटतो. कारागिरानं साक्षीदार कारकुनालाच खुर्चीत बसवून नमुन्याचा जोड चढवला.

"कुठला पाय आखूड करू? डावा की उजवा?"

"म्हणजे?" कारकून गोंधळला.

"तुम्ही म्हणाल तो."

"मग... उजवा."

कारागिरानं पाय उचलले. उजवा दोन बोटं आखूड. "वाढ, वाढ," तो म्हणाला, आणि पाय बरोबर झाले. "आता डावा." डावा आखूड झाला आणि वाढला. "पुन्हा उजवा." तोही झाला. "अहो, सकाळपासून तुमचे पाय तीनदा वाढले," कारागीर म्हणाला. "उभे राहा, किती उंच झालात बघू." कारकून उभा राहिला. होता तेवढाच बुटका. भिंतीकडची मंडळी फिदीफिदी हसली.

मग कारागिरानं बूट उतरवून घेतले, खिशातून रापी काढली आणि सगळ्यांच्या समोर दोन्ही बुटांच्या टाचेशी बाजूचं चामडं कापून टाचेएवढ्या खिडक्या पाडल्या. खुर्ची आडवी फिरवून त्यानं कारकुनाला पुन्हा बूट चढवले. "इतके दिवस तुम्ही तळाकडे बघितलंत. आता टाचेकडे बघा." त्यानं बूट पुढे ओढला. खिडकीत टाच आणि बुटाचा तळ यांच्यामध्ये दोन बोटांची फट दिसली. त्यानं बूट मागे दाबला. फट मिटली. "वाढ, वाढ," तो म्हणाला. पुढे ओढला, मागे दाबला. मागच्या बाकांवरची माणसं बघायला पुढे सरकली.

"यंत्र दाखवलं म्हणून मंत्र खोटा ठरत नाही, लेकरा!" बाबा ओरडले.

"मग यंत्र काढून मंत्र दाखवा. अनवाणी पाय वाढवा, कुणाचाही."

"अनवाणी पायाला पृथ्वीचा वाकडेपणा चिकटतो!"

"खुर्चीत बसलेल्याचे पाय पृथ्वीला टेकतात कुठे?" मागच्या बाकावरून एका आजीबाईंनी विचारलं. त्या गुडघ्यासाठी चौथ्यांदा आल्या होत्या. बाबांनी आपलं ध्यान भंगल्याचं जाहीर केलं आणि ते मागच्या दारानं बाहेर पडले. दाराशी तेलाच्या बाटल्या विकणारा त्यांचा माणूस बाटल्यांसकट त्यांच्याही आधी गेला होता.

"पण मला हलकं वाटलं होतं," गेल्या खेपेचा हमाल म्हणाला.

"वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी?"

हमालानं कंबर चोळली. "दुसऱ्या दिवशी होतं तिथेच."

कारकून आता खवळला होता. आपल्या साक्षीचं असं मातेरं झालेलं कुणाला आवडतं? "आणि हे बूट कुणी शिवले? तूच ना? तिसऱ्या बाकावर मिरवत कोण बसत होतं?"

"मीच शिवले," कारागीर म्हणाला. "मीच बसत होतो. बाबांनी फसवलं म्हणून मी सुटत नाही. मी बूट शिवणारा माणूस, टाच सैल ठेवायला सांगतात तर का, एवढं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला शाबासकी मिळाली होती. माझ्या लेकीच्या खुब्यातलं हाड सहा महिने सरकत होतं. ती सांगत होती, तिचा बूट सांगत होता. मी टाचेखाली तुकडे ठोकले. या खुर्चीत बसून बारा वर्षांच्या पोरीनं ही लबाडी पकडली आणि मला सांगितली, तर मी तिला गप्प केलं आणि धावायला लावलं."

"आता बरी आहे का ती?" आजीबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. स्क्रू घातलाय. हाड जगलं की मेलं ते वर्षानं कळेल. वर्षभर मी रोज सकाळी उठून तिच्या पायाकडे बघणार आहे." त्यानं रापी खिशात घातली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी काही डॉक्टर नाही. पण जो कुणी म्हणेल मी बरं करतो, त्याला विचारा: कसं? बूट काढून दाखव, कोन बदलून दाखव, उद्या पुन्हा दाखव. खरं असेल तर त्याला राग येणार नाही. आणि वाढत्या वयाचं मूल लंगडत असेल, मांडी नाहीतर गुडघा दुखतो म्हणत असेल, तर आजच्या आज हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि खुब्याचा एक्स-रे काढायला सांगा. उद्यावर टाकू नका. मी सोमवार टाकला होता."

लोक हळूहळू उठायला लागले. काही जण कारागिराला शिव्या देत गेले, काही बाबांना. काहींना अजूनही वाटत होतं की बाबा पुढच्या रविवारी येतील. दुसऱ्या बाकावर एक बाई बसून राहिली होती. तिच्या हातात तिच्या मुलाच्या नंबराचा बिल्ला होता. मुलगा तेराएक वर्षांचा, अंगानं भरलेला, एक पाऊल बाहेर टाकून बसलेला. आईनं कारागिराकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मग मुलाकडे वळून विचारलं, "तुला नक्की काय होतंय रे?"

"मांडीत दुखतं. चालताना पाय जड होतो," मुलगा म्हणाला. "मी तुला दोनदा सांगितलं होतं."

बाईचा चेहरा उतरला. ती काय भोगते आहे ते त्या दालनात एकाच माणसाला पुरतं कळत होतं. मुलगा बाकाला धरून उठू लागला.

"त्याला पाय टेकवू देऊ नका," कारागीर धावत येत म्हणाला. तो मुलासमोर पाठ करून खाली बसला. "धर माझ्या गळ्याला. इस्पितळ कुठे आहे ते मला माहीत आहे."